डोपिंगच्या वादावर सायकल शर्यतीची जाहिरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकल महासंघाच्या, २.२ दर्जाची, ४३७ किलोमीटरची शर्यत आपल्या रस्त्यांवरून गेली आणि तेव्हापासून सिंहगडाच्या पायथ्याशी चहाला थांबलं की हटकून विषय निघतो, "काका, हे सगळे औषधं घेऊनच पळतात ना?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शर्यत पाहिलेली नसते, शर्यतीच्या जाहिराती आणि मथळे मात्र पाहिलेले असतात. मी तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत पळलो आहे. आता मुलांना शिकवतो, आणि अधूनमधून स्थानिक शर्यतींचं मराठी समालोचन करतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो.

डोपिंगच्या वादाचा जाहिरातीसाठी वापर, म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे टूर द फ्रान्स दाखवणाऱ्या वाहिनीचं नाव तेव्हा व्हर्सस होतं. २००६ चा विजेता फ्लॉइड लँडिस टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत सापडला. २००७ च्या टूरमध्ये अलेक्झांडर विनोकुरोव्ह दुसऱ्याचं रक्त चढवल्याचं उघड झाल्यामुळे बाहेर गेला आणि पिवळी जर्सी, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिला असल्याची खूण, अंगात असलेल्या मायकेल रासमुसेनला त्याच्याच संघाने शर्यतीतून काढलं. अशा दोन वर्षांनंतर लोकांना पुन्हा टीव्हीसमोर कसं बसवायचं, हा वाहिनीपुढचा प्रश्न होता.

२००८ मध्ये त्यांनी 'टेक बॅक द टूर' ही मोहीम काढली, म्हणजे 'आपली टूर परत घेऊया'. जाहिरातीत बदनाम झालेल्या सायकलपटूंची दृश्यं उलटी फिरवली होती. माणसं मागे मागे जातात, जणू घडलेलं सगळं पुसलं जातं. वाद झाकायचा नाही, तोच पुढे करायचा आणि प्रेक्षकाला सांगायचं की खेळ तुझा आहे, ये, परत घे.

ती जाहिरात मला पहिल्यांदा आवडली होती, हे कबूल करतो. निदान लपवाछपवी नव्हती. नंतर लक्षात आलं की त्या सगळ्या दृश्यांत चेहरे फक्त पकडल्या गेलेल्यांचे होते.

मग त्या वर्षीची टूर स्वच्छ झाली का?

नाही. त्या वर्षी चाचण्या फ्रेंच संस्थेने घेतल्या आणि कसून घेतल्या. दोन टप्पे जिंकलेल्या रिकार्डो रिक्कोला पोलिसांनी शर्यत चालू असतानाच नेलं. त्याच्या नमुन्यात सेरा नावाचं नव्या पिढीचं ईपीओ, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध, सापडलं होतं. त्याचा पूर्ण संघ घरी गेला. शर्यत संपल्यावर जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा ओताकामचा टप्पा जिंकणारा लिओनार्दो पिएपोली, वेळेविरुद्धचे दोन्ही टप्पे जिंकणारा स्टेफान शूमाखर आणि एकूण तिसरा आलेला, घाटाच्या राजाची ठिपक्यांची जर्सी मिळवलेला बर्नहार्ड कोल, तिघेही सापडले. म्हणजे पाच टप्प्यांचे विजेते डोपिंगवाले निघाले.

'परत घेऊया' म्हणताना वाहिनीने जे वचन दिलं, ते पाळणं तिच्या हातात नव्हतंच. चाचणी प्रयोगशाळा करते आणि शिक्षा महासंघ देतो. वाहिनीच्या हातात कॅमेरा आणि माइक असतो.

डोपिंगचा वाद वाहिनीच्या तोट्याचा असतो की फायद्याचा?

दोन्ही. त्यासाठी या खेळाचा पैसा कुठून येतो ते बघावं लागेल.

टूरचा जन्मच मुळी वर्तमानपत्राच्या खपासाठी झाला. १९०३ मध्ये 'लोतो' या दैनिकाने ती सुरू केली आणि १९१९ मध्ये आलेल्या पिवळ्या जर्सीचा रंग त्या दैनिकाच्या पिवळ्या कागदाचा आहे. इटलीची जिरो १९०९ मध्ये 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त'ने काढली. तिचा गुलाबी रंगही कागदाचाच. म्हणजे वृत्तमाध्यम आणि शर्यत इथे पहिल्यापासून एकाच घरातली. क्रिकेटसारखं आधी खेळ आणि मग प्रक्षेपण, असा क्रम इथे नाही. आणि औषधांची बातमीही तितकीच जुनी. १९२४ मध्ये शर्यत सोडून कुताँसच्या कॅफेत बसलेल्या पेलिसिए बंधूंनी पत्रकार अल्बेर लाँद्र यांच्यासमोर पिशव्या उघडून कोकेन आणि क्लोरोफॉर्म दाखवलं होतं.

आज टूरचे प्रक्षेपण हक्क आयोजक कंपनीकडे, एएसओकडे असतात. संघांना त्यातला वाटा मिळत नाही. संघ जगतो जर्सीवरच्या प्रायोजकाच्या पैशावर. त्यामुळे वाद झाला की प्रायोजक घाबरतो आणि संघ बुडतो. टी-मोबाइलने २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पाठ फिरवली ती अशीच. वाहिनीचं मात्र तसं नसतं. नायक विकला जातो तसा खलनायकही विकला जातो. लान्स आर्मस्ट्राँग १९९९ ते २००५ सलग सात वेळा जिंकला तेव्हा कर्करोगातून उठलेला वीर म्हणून त्याला विकलं. २०१२ मध्ये सातही किताब काढून घेतले गेले आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याची कबुलीही टीव्हीवरच मुलाखत म्हणून विकली. दोन्ही वेळा प्रेक्षक भरपूर होते.

जर्मन वाहिन्यांनी तर दाखवणंच बंद केलं. ते जास्त प्रामाणिक नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण माझं मत दोनदा बदललं आहे.

१८ जुलै २००७ रोजी टी-मोबाइलच्या पाट्रिक सिंकेविट्झचा प्रशिक्षण काळातला नमुना पॉझिटिव्ह असल्याचं जाहीर झालं आणि एआरडी व झेडडीएफ या दोन्ही सार्वजनिक वाहिन्यांनी चालू शर्यतीत थेट प्रक्षेपण थांबवलं. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीने फसवणुकीला पडदा देऊ नये, ही भूमिका तेव्हा मला शंभर टक्के पटली होती. पण प्रक्षेपण लगेच एका खासगी वाहिनीने उचललं. शर्यत थांबली नाही, फक्त तिला प्रश्न विचारू शकणारं माध्यम बाजूला झालं.

पुढे २०१२ पासून त्यांनी थेट टूर पुन्हा सोडली आणि २०१५ मध्ये एआरडी परत आली. मधल्या काळात किंमत कोणी मोजली? दोषी तर बंदी भोगून मोकळे झाले. देशातली मोठी शर्यत, डॉइचलँड टूर, २००८ नंतर बंद पडली ती थेट २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या दहा वर्षांत जी पोरं मोठी झाली त्यांना घरच्या रस्त्यावर ती शर्यत बघायला मिळालीच नाही. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, ते असं.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच एआरडीने डोपिंगसाठी वेगळी पत्रकारांची तुकडी उभी केली. हायो झेपेल्ट या पत्रकाराच्या डिसेंबर २०१४ च्या माहितीपटाने रशियातलं सरकारी पाठबळाचं डोपिंग उघडं पाडलं. जानेवारी २०१९ मध्ये एका स्कीपटूने त्यांच्याच कार्यक्रमात बोलायला सुरुवात केली, त्यातून ऑस्ट्रियातले छापे पडले आणि गेऑर्ग प्राइडलर आणि स्टेफान डेनिफ्ल या दोन सायकलपटूंना रक्ताच्या पिशव्यांची कबुली द्यावी लागली. म्हणून आता माझं मत असं आहे की कॅमेरा बंद करण्याने काही साधलं नाही. जे साधलं ते महिनोन्‌महिने खणणाऱ्या पत्रकारांनी.

समालोचक शर्यत चालू असताना डोपिंगबद्दल बोलतात, ते योग्य आहे का?

स्वतः पाहिलेलं असेल तर बोललंच पाहिजे. रासमुसेनचं उदाहरण घ्या. चाचणी घेणाऱ्यांना खेळाडूचा ठावठिकाणा माहीत असावा लागतो. रासमुसेनने आपण जूनमध्ये मेक्सिकोत होतो असं सांगितलं होतं. टूर चालू असताना इटलीच्या राय वाहिनीचे समालोचक, स्वतः माजी सायकलपटू असलेले दाविदे कस्सानी, सहज कौतुकाच्या सुरात बोलून गेले की जूनमध्ये हा मला डोलोमाइट्समध्ये भर पावसात एकटा सराव करताना भेटला होता, किती कष्टाळू आहे बघा. एका वाक्यात मेक्सिको खोटं ठरलं. २५ जुलैला संध्याकाळी, टप्पा जिंकून काही तास झाले असताना, संघाने त्याला काढलं. पॅरिस, म्हणजे शर्यतीचा शेवट, चार दिवसांवर होतं.

कस्सानींनी कोणावर आरोप केला नव्हता. कुठे आणि कधी पाहिलं तेवढंच सांगितलं.

पण संशय व्यक्त करायला काय हरकत आहे?

२०१५ मध्ये ला पिएर-सँ-मार्तँच्या चढावर क्रिस फ्रूमने सगळ्यांना मागे टाकलं. चार दिवसांनी रस्त्याकडेच्या एकाने त्याच्यावर लघवी फेकली आणि फ्रूमने याला काही माध्यमांची भाषा जबाबदार धरली. दुसऱ्याच दिवशी फ्रेंच सार्वजनिक वाहिनीच्या क्रीडा कार्यक्रमात एका तज्ज्ञाने त्याची ताकद काढून दाखवली, शरीराच्या दर किलो वजनाला ७.०४ वॅट. आकडा भयंकर होता, संशय यावा इतका. पडद्यावर तो आला तेव्हा वेगळा आरोप करायची गरजच उरली नाही. पण हिशेबात फ्रूमचं वजन ७१ किलो धरलं होतं. संघाने विश्रांतीच्या दिवशी स्वतःची नोंद दिली, वजन ६७.५ किलो आणि ५.७८ वॅट.

संघाच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. पण वजनाचा अंदाज टीव्हीवर निष्कर्ष म्हणून दाखवला, आणि त्या खेळाडूला पुढचा आठवडा त्याच गर्दीतून, हातभर अंतरावरून सायकल चालवायची होती. आमच्या कात्रजच्या घाटात ट्रकवाला नुसता जवळून गेला तरी पाय थरथरतात.

पुढे २०१७ च्या व्हुएल्टामध्ये, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, त्याच्या नमुन्यात दम्याचं औषध सालब्युटामोल मर्यादेच्या वर आलं. नियमाप्रमाणे ते गुप्त राहायला हवं होतं, डिसेंबरमध्ये फुटलं, आणि २ जुलै २०१८ रोजी, टूर पाच दिवसांवर असताना, प्रकरण बंद होऊन तो निर्दोष ठरला. मधल्या सात महिन्यांच्या मथळ्यांचं काय करायचं, हे कोणतीही वाहिनी सांगत नाही.

नमुना पॉझिटिव्ह म्हणजे दोषी, असंच ना?

नाही. पहिला अहवाल 'अ' नमुन्याचा असतो, खेळाडू त्याच वेळी बाजूला ठेवलेला 'ब' नमुना तपासून मागू शकतो, उपचारासाठी आधी घेतलेली परवानगी असू शकते, मग सुनावणी होते. तात्पुरतं निलंबन आणि बंदी या वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत नेमका कोणता शब्द आहे तो वाचा.

सायकलिंगच इतकं बदनाम का? बाकी खेळ धुतल्या तांदळासारखे आहेत का?

अजिबात नाही. २०२३ मध्ये आपल्याच देशात, सगळ्या खेळांचे मिळून, ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ पॉझिटिव्ह आले. मोठ्या संख्येने चाचण्या घेणाऱ्या देशांत हे सर्वांत वाईट प्रमाण होतं. त्यावर कोणत्या वाहिनीने किती तास चर्चा केली ते आठवून बघा.

सायकलिंगचं नाव जास्त येतं याचं एक कारण १९९८. टूर सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, ८ जुलैला, फेस्टिना संघाचा मालिशवाला विली वोए बेल्जियमच्या सीमेवर संघाच्या गाडीसकट पकडला गेला. गाडीत ईपीओ, वाढीचं संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत हॉटेलवर छापे पडले, सायकलपटू रस्त्यात बसून राहिले, एक टप्पा रद्द झाला. १८९ जण निघाले होते, ९६ पोहोचले. आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर, कारण कॅमेरे आधीपासून तिथे होतेच. पोलिसी कारवाई आणि खेळ एकाच पडद्यावर इतके दिवस क्वचितच कोणी पाहिले असतील.

दुसरं कारण या खेळाच्या बाजूचं आहे. १९९९ मध्ये वाडा ही जागतिक डोपिंगविरोधी संस्था स्थापन झाली त्याला या प्रकरणाने मोठा धक्का दिला होता, आणि २००८ पासून रक्ताच्या नोंदींचा जैविक पासपोर्ट पहिल्यांदा सायकलिंगनेच आणला. जो जास्त शोधतो त्याला जास्त सापडतं.

मोटार लपवलेल्या सायकलचं खरं आहे का?

खरं आहे. जानेवारी २०१६ मध्ये झोल्डरच्या सायक्लोक्रॉस जागतिक स्पर्धेत बेल्जियमच्या फेम्के फान देन द्रिएशेच्या सायकलमध्ये मोटार सापडली, सहा वर्षांची बंदी झाली. आता सायकली क्ष-किरणांनीही तपासतात.

या सगळ्यात जे औषध घेत नाहीत, त्यांचं काय होतं?

एवढं सगळं मी या एका प्रश्नासाठी लिहिलं आहे, आणि नेमका हाच कोणी विचारत नाही.

क्रिस्तोफ बासों फेस्टिना संघात होता. संघसोबत्यांनीच पोलिसांना सांगितलं की तो काही घेत नाही. १९९९ च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात सदर लिहायचा आणि वेगाबद्दल जे वाटतं ते स्पष्ट लिहायचा. आर्मस्ट्राँगने धावत्या घोळक्यात त्याच्याजवळ येऊन सांगितलं की तुझं बोलणं खेळाला घातक आहे, घरी जा. घोळक्यात कोणी त्याच्याशी बोलेना. काही दिवसांत तो खरंच शर्यत सोडून गेला.

२००४ चा अठरावा टप्पा मी कितीदा पाहिला असेन. फिलिपो सिमेओनी नावाचा इटालियन पुढे निघून जातो. एकूण क्रमवारीत तो खूप मागे, त्याच्यापासून कोणाला धोका नाही. त्याने आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरविरुद्ध, मिकेले फेरारीविरुद्ध, साक्ष दिलेली. आणि पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याचा पाठलाग करतो. असं कधी होत नाही. सिमेओनी माघारी आल्याशिवाय पुढच्या टोळीला सुटका नाही, म्हणून तो बिचारा मागे येतो. मग आर्मस्ट्राँग कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून चेन ओढल्यासारखी बोटं फिरवतो. तोंड बंद.

ते दृश्य जगभर थेट गेलं. शर्यत कशी चालते, गप्प कसं बसवलं जातं, सगळं त्या दोन सेकंदांत होतं. 'टूर परत घेऊया' म्हणणाऱ्या जाहिरातीला हे दृश्य वापरता आलं असतं. बासोंचा चेहरा वापरता आला असता. त्यांच्याकडून खरोखरच काहीतरी हिरावलं गेलं होतं.

तुम्ही इतकं मनावर का घेता? हे सगळं युरोपात घडलं.

काही वर्षांपूर्वी एका स्थानिक शर्यतीच्या ऑनलाइन प्रक्षेपणावर मी समालोचनाला होतो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन खुर्च्या, एक लॅपटॉप, पंखा बंद. एकोणीस वर्षांचा एक मुलगा, वडील भाजीचा टेम्पो चालवणारे, शेवटच्या चढावर सगळ्यांना सोडून एकटा निघाला. मी उभा राहून ओरडत होतो. निर्मिती बघणाऱ्याने माझ्यासमोर कागद सरकवला, पडद्यावर टाकायची पट्टी लिहिलेली: 'हा वेग नैसर्गिक आहे का?' प्रश्नचिन्हासकट. वर म्हणाला, "सर, आरोप थोडीच करतोय, फक्त प्रश्न आहे. व्ह्यूज वाढतील."

मी पट्टी टाकू दिली नाही. टाकलीत तर माइक ठेवून जातो, म्हणालो. नंतर मला त्या प्रक्षेपणावर बोलावलं नाही. त्या मुलाची आई खाली मांडवात मोबाइलवर तेच प्रक्षेपण बघत होती, हे मला बक्षीस समारंभात कळलं.

आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्या शब्दाला आपल्याकडे अजून मान आहे. पुण्यात मोठ्या शर्यती येऊ लागल्या तर मोठी प्रक्षेपणंही येतील आणि असे कागद समोर सरकवणारेही येतील.

माझी मुलगी शर्यतीत उतरते आहे. आम्ही काय काळजी घ्यायची?

व्यायामशाळेतल्या दादाने दिलेली पावडर, लेबल कितीही चकचकीत असलं तरी, घेऊ नका. पावडरीत भेसळ होती हे सिद्ध झालं तरी अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. ती शिक्षा कमी होण्याचं कारण ठरू शकतं, माफीचं नाही. डॉक्टरकडे गेलात तर ती स्पर्धक आहे हे आधी सांगा, कारण सर्दीच्या आणि दम्याच्या काही साध्या औषधांतही बंदी असलेले घटक असतात. प्रत्येक औषधाची चिठ्ठी जपून ठेवा. शेंगदाणा-गुळाचा लाडू, केळी, आणि रात्री आठ तास झोप, यावर माझी मुलं सिंहगड चढतात.

मग टूर बघायची की नाही?

बघा. जुलैमध्ये टप्पा साधारण रात्री नऊच्या सुमारास संपतो, जेवण आटोपून शेवटचा चढ बघता येतो. वादाची पट्टी फिरत असेल तर तीन गोष्टी शोधा: नाव कोणाचं घेतलंय, कोणत्या संस्थेने काय जाहीर केलंय, आणि तारीख कोणती. तिन्ही नसतील तर पट्टी सोडा आणि रस्त्याकडे बघा.

मी मुलांना २००८ चा सतरावा टप्पा दाखवतो, आल्प द्युएझचा. पायथ्यालाच कार्लोस सास्त्रे उठतो आणि एकवीस वळणं एकटा चढतो. ती टूर त्याने जिंकली. गेल्या पावसाळ्यात वर्गातल्या एकाने विचारलं, "काका, हे कोण? यांचं नाव कधी ऐकलं नाही." रिक्कोचं नाव मात्र त्याला माहीत होतं. मी चित्रफीत मागे घेतली आणि पहिल्या वळणापासून पुन्हा लावली.